मुख्याध्यापकाचा तास

पुण्यांतील एखाद्या माध्यमिक शाळेंत दुपारीं बाराच्या सुमारास जावें आणि मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशीं घटकाभर उभें राहावें. आंत टेबलावर शिक्षकांच्या वेतनदेयकांचे कागद पडलेले असतात. त्यांच्यावर संचमान्यतेची फाईल असते. शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब घेऊन एक शिक्षक उभा असतो. लिपिक संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवून सांगत असतो कीं, विद्यार्थ्यांची माहिती आज संध्याकाळपर्यंत भरली नाहीं, तर उद्यां ती भरतां यावयाची नाहीं. बाकावर दोन पालक दाखल्यासाठीं ताटकळत बसलेले असतात. इतक्यांत शिपाई वर्दी देतो कीं, सातवी 'ब' चे शिक्षक रजेवर आहेत आणि वर्गांत गोंधळ चालला आहे. मुख्याध्यापक उठतात, वर्गाच्या दारांत उभे राहून एक करडी नजर टाकतात, मुलें चिडीचूप होतात, आणि मुख्याध्यापक परत येऊन सह्यांचें काम पुढें चालू करतात. त्या दिवशीं त्यांचा आणि वर्गाचा संबंध आला तो एवढाच.

हें चित्र कोणाची थट्टा करण्यासाठीं काढलेलें नाहीं. यांतील एकही काम टाकाऊ नाहीं. वेतनदेयक अडलें तर तीस घरांत पगार पोहोंचत नाहीं. तांदळाचा हिशेब चुकला तर मुलाच्या ताटांत भात पडत नाहीं. शिवाय पुण्याच्या मुख्याध्यापकांची एक गंमतीची अडचण आहे. शिक्षण आयुक्तांची कचेरी पुण्यांत, परीक्षा मंडळाचें मुख्य ठाणें शिवाजीनगरांत, पाठ्यपुस्तकें तयार करणारी बालभारती सेनापति बापट रस्त्यावर, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची राज्यपरिषद कुमठेकर रस्त्यावर. साऱ्या महाराष्ट्राला जो कागद जातो तो ह्याच शहरांतून निघतो. साहजिकच तो येथल्या शाळेंत सर्वांच्या आधीं येऊन पडतो आणि त्याचें उत्तरही सर्वांच्या आधीं मागितलें जातें!

तथापि ज्या पदाच्या नांवांतच 'अध्यापक' हा शब्द आहे, त्या पदावरील माणसानें अध्यापनापासून किती दूर जावें, हा प्रश्न उरतोच. शाळेंत मुलें शिकतात कीं नाहीं, जीं शिकत नाहींत तीं कां शिकत नाहींत, आणि त्यासाठीं शिक्षकांनीं आपल्या शिकविण्यांत काय बदल करावा, या विचाराचें पुढारपण शाळेंत कोणी तरी केलें पाहिजे. तें मुख्याध्यापकांनीं न केल्यास दुसरा कोणी करीत नाहीं. हें पुढारपण अंगीं कसें येतें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि त्याचा विचार करतांना पुण्यांतल्याच एका जुन्या उदाहरणाकडे वळणें सोईचें होईल.

१८८० च्या जानेवारींत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी हे आरंभींचे चालक. वामन शिवराम आपटे त्याच वर्षीं त्यांना येऊन मिळाले, आणि एम. ए. ची परीक्षा झाल्यावर पुढच्या वर्षीं गोपाळ गणेश आगरकर आले. टिळक-आगरकरांचीं नांवें पुढें इतकीं मोठीं झालीं कीं, आपट्यांची आठवण लोकांना आतां बहुधा त्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशामुळेंच राहिली आहे. पण शाळेची अंतर्गत व्यवस्था ज्यांच्या हातीं होती ते हेच आपटे. टिळक गणित आणि संस्कृत शिकवीत. नामजोशी बाहेर हिंडून माणसें आणि पैसा जमवीत. घंटा वेळेवर होते कीं नाहीं, कोणत्या वर्गाचा कोणता विषय मागें पडला आहे, हें पाहणें आपट्यांकडे होतें.

या शाळेची खरी परीक्षा १८८२ सालीं झाली. त्या वर्षीं मार्च महिन्यांत विष्णुशास्त्री अकस्मात् वारले. त्यांना अवघें बत्तिसावें वर्ष चालू होतें. पुढें कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर या दोघांस शिक्षा होऊन त्यांना डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढावे लागले. दोन-अडीच वर्षांच्या कोंवळ्या शाळेचा एक संस्थापक मृत्यूनें नेला आणि दोन प्रमुख शिक्षक सरकारनें नेले! अशा वेळीं शाळा बंद पडली असती तर कोणी दोष दिला नसता. ती बंद पडली नाहीं. चोवीस वर्षांचे आपटे, नामजोशी आणि त्यांचे सहकारी यांनीं ती चालविली. त्याच वर्षीं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेला शिक्षण आयोग पुण्यास आला. आपट्यांनीं त्याच्यापुढें साक्ष दिली, आणि खुद्द हंटरसाहेबांनीं शाळा पाहून तिची वाखाणणी केली.

हें कसें घडलें? आपटे शिस्तीचे कडक होते, हें उत्तर नेहमीं दिलें जातें, आणि तें खोटें नाहीं. पण नुसत्या शिस्तीनें शाळा शांत राहते. ती शिकती राहत नाहीं. त्या शाळेंत प्रत्येक चालक स्वतः वर्गावर जाणारा होता. ज्याच्या हातीं व्यवस्था, त्याच्याही हातीं खडू होता. त्यामुळें एकाचा तास दुसऱ्यानें घेतला तर काय शिकवावयाचें हें त्याला ठाऊक असे. आणखी असें कीं, हीं माणसें शिकवितां शिकवितां स्वतः शिकत होतीं. आपट्यांचा इंग्रजी-संस्कृत कोश १८८४ सालीं व संस्कृत-इंग्रजी कोश १८९० सालीं बाहेर पडला. दोन्ही कोशांमागें संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण होती, आणि ती अडचण त्यांना वर्गांत रोज दिसत होती. आगरकरांनीं मराठी वाक्याच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, त्याचेंही मूळ फळ्यापाशींच असावें. मुख्याध्यापक संध्याकाळीं दिवा लावून अभ्यासाला बसतो, ही गोष्ट सहकाऱ्यांपासून लपत नाहीं. तिचा परिणाम शंभर परिपत्रकांनीं होणार नाहीं असा होतो.

पण या उदाहरणाची पूजा बांधून थांबणें बरें नव्हे. ज्या १८८२ सालीं आपट्यांनीं हंटर आयोगापुढें साक्ष दिली, त्याच सालीं त्याच आयोगाला पुण्याच्याच जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन दिलें. सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा खर्च करतें आणि खेड्यांतल्या शेतकऱ्याच्या मुलाला साधें लिहिणें-वाचणेंही मिळत नाहीं, ही त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, ही त्यांची मागणी होती. म्हणजे 'मुलें शिकतात काय?' या प्रश्नाबरोबर 'कोणाचीं मुलें?' हा दुसरा प्रश्न ह्याच शहरांत त्याच वेळीं विचारला गेला. निवडक मुलांना शिष्यवृत्त्या मिळवून देणें हें शाळेला भूषणच आहे. परंतु शेवटच्या बाकावरील मुलगी सहा महिन्यांत एकदांही फळ्यापाशीं गेली नाहीं, हें ज्याच्या ध्यानांत येतें त्या मुख्याध्यापकाची पात्रता अधिक वरची. आपट्यांची परंपरा सांगणाऱ्यांनीं फुल्यांचा प्रश्न विसरतां कामा नये.

दुसरीही एक गोष्ट त्याच इतिहासांतली आहे. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें, आपटे त्याचे प्राचार्य झाले, आणि वीस वर्षें संस्थेला वाहून घेणाऱ्या आजीव सभासदांची पद्धति रूढ झाली. पण १८९० मध्यें टिळक संस्थेंतून बाहेर पडले. मतभेदाचीं कारणें पुष्कळ होतीं. त्यांतला एक वाद असा कीं, आजीव सभासदानें आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, कीं बाहेरचीं कामें व बाहेरची मिळकत पतकरावी. दोन्ही बाजूंना थोर माणसें होतीं आणि त्या वादाचा निवाडा येथें करण्याचें कारण नाहीं. परंतु शाळा चालविणाऱ्याचा वेळ कोणाचा, हा प्रश्न तितका जुना आहे. त्या वेळीं त्या वेळेवर हक्क सांगणारीं देशकार्यें होतीं. आज तो हक्क तक्ते आणि अहवाल सांगतात, एवढाच फरक.

आतां आजच्या मुख्याध्यापकाकडे यावें. महाराष्ट्रांतील खासगी शाळांना लागू असलेल्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणें माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक पदवीधर व प्रशिक्षित असावा, त्याला शिकविण्याचा निदान पांच वर्षांचा अनुभव असावा, आणि सामान्यतः अशा पात्र शिक्षकांत जो सेवेनें सर्वांत ज्येष्ठ त्याला तें पद मिळावें. हा नियम वशिल्याला आळा घालण्यासाठीं आहे आणि त्याचें महत्त्व ज्यांनीं वशिल्याचे दिवस पाहिले त्यांना पटेल. पण त्याचा परिणाम असा होतो कीं, पुष्कळदां शिक्षकाला हें पद निवृत्तीच्या उंबरठ्यावर मिळतें. अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्ति. पंचावन्नाव्या वर्षीं खुर्ची. त्यांतलें पहिलें वर्ष कागदांची ओळख होण्यांत जातें, शेवटचें वर्ष स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत जातें. मधल्या वर्षीं शाळेचें काय करावें हें सुचेपर्यंत निरोपसमारंभाचा हार गळ्यांत पडतो. तीस वर्षें उत्तम भूमिति शिकविलेला माणूस एका सकाळीं त्या खुर्चीवर बसतो, आणि दुसऱ्याचा भूमितीचा तास कसा पाहावा व त्यावर काय बोलावें, हें त्याला कोणीच शिकविलेलें नसतें.

ही उणीव शासनाला दिसली नाहीं असें नव्हे. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें शाळासंकुलाची योजना सुचविली होती. एका माध्यमिक शाळेभोंवतीं जवळपासच्या प्राथमिक शाळा गुंफाव्या आणि माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकानें त्या सर्वांच्या शैक्षणिक कामांत पुढाकार घ्यावा, अशी ती कल्पना. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जयंत पांडुरंग नाईक कोल्हापूर जिल्ह्यांतले. त्यांनीं १९४८ सालीं मुंबईस स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्यें पुण्यास आली. पुढें २०१२ सालीं दिल्लीस शालेय नेतृत्वासाठीं एक राष्ट्रीय केंद्र निघालें, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें मुख्याध्यापकांनीं दर वर्षीं निदान पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक शिक्षणासाठीं द्यावे असें सांगितलें. शाळासंकुलाची कल्पनाही त्या धोरणांत पुन्हा आली आहे. पन्नास तास म्हणजे थोडे नव्हेत. मात्र ते तास दिव्याच्या पडद्यासमोर बसून प्रमाणपत्र छापून घेण्यांत गेले तर पदरीं प्रमाणपत्रच पडेल. इंग्लंडनें १९९७ सालीं मुख्याध्यापकपदासाठीं एक राष्ट्रीय पात्रता निर्माण केली, पुढें ती सक्तीची केली, आणि २०१२ मध्यें ती सक्ती काढूनही टाकली. तेव्हां कागदी पात्रतेनें काय साधतें आणि काय साधत नाहीं, याबद्दल श्रीमंत देशांनाही अजून खात्री वाटत नाहीं.

मग हें कसब येतें कोठून? एक साधें उदाहरण घेऊं. समजा, आठवीच्या सहामाही परीक्षेंत 'वजा तीनमधून पांच वजा करा' असा प्रश्न आहे. उत्तर वजा आठ. पण गठ्ठा तपासतांना शिक्षकांना दिसतें कीं, पुष्कळ मुलांनीं 'अधिक आठ' असें लिहिलें आहे. नेहमींच्या रीतीनें त्यांवर तांबडी फुली पडते, गुण वजा होतात, निकालाच्या तक्त्यांत टक्केवारी उतरते, आणि मुख्याध्यापक सभेंत म्हणतात, "यंदां गणिताचा निकाल खालीं आला आहे, जादा तास घ्या." जादा तासांत तेंच तेंच पुन्हा सांगितलें जातें. वार्षिक परीक्षेंत पुन्हा 'अधिक आठ'.

दुसऱ्या एका शाळेंत मुख्याध्यापक मराठीचे शिक्षक आहेत असें धरूं. गणिताशीं त्यांचा संबंध मॅट्रिकनंतर सुटलेला. ते गणिताच्या तिघां शिक्षकांना बोलावतात, वीस उत्तरपत्रिका मध्यें ठेवतात आणि विचारतात, "हीं मुलें आळशी नाहींत, बाकीचीं उत्तरें बरोबर आहेत. मग सगळींजणें एकाच तऱ्हेनें कशीं चुकलीं?" प्रथम तिघेही किंचित् रागावतात. मराठीच्या माणसानें गणितांत लक्ष कां घालावें? पण पत्रिका चाळतां चाळतां एकाच्या ध्यानांत येतें कीं, 'वजा-वजा अधिक' हें वाक्य वर्गांत सुरांत पाठ करून घेतलेलें आहे. तें गुणाकाराचें सूत्र. मुलांनीं तें इमानानें पाठ केलें आणि जेथें दोन वजा दिसले तेथें लावलें. चूक मुलांची खरी, पण तिचें बीज वर्गांत पेरलेलें. मग दुसरा शिक्षक म्हणतो, कर्जाचें उदाहरण घेऊन पाहूं: तीन रुपयांचें देणें असतांना आणखी पांच रुपये उसने घेतले तर माणूस सावकार होतो काय? आणि पुढच्या आठवड्यांत तो तास घेतो, तेव्हां बाकीचे दोघे शिक्षक आणि मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसतात.

त्या खोलींत जें घडलें तेंच मुख्याध्यापकाचें पुढारपण. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांना तें येतही नव्हतें. त्यांनीं योग्य कागद टेबलावर ठेवला, एक अज्ञानाचा प्रश्न न लाजतां विचारला, आणि राग निवळेपर्यंत धीर धरला. या तीन गोष्टी कोणत्याही शिबिरांत ऐकतां येतील. पण अंगवळणी पडतात त्या स्वतःच्या शाळेंत, स्वतःच्या सहकाऱ्यांसमोर, दोन-चारदां फसल्यावरच.

मागच्या बाकावर बसण्याचेंही एक शास्त्र आहे. मुख्याध्यापकांनीं तास पाहून नोंदवहींत शेरा लिहावा अशी रीत आपल्याकडे जुनीच आहे. परंतु ती वही उघडली तर शेरे कसे आढळतात? "फळ्याचा वापर चांगला. आवाज स्पष्ट. वर्गनियंत्रण समाधानकारक." शिक्षकाकडे पाहून लिहिलेले हे शेरे, मुलांकडे पाहून लिहिलेला शेरा विरळा. तासांत किती मुलें बोललीं, चुकीचें उत्तर देणाऱ्याचें पुढें काय झालें, एखाद्यानें वहींत काय उतरून घेतलें, हें मागच्या बाकावरून जितकें दिसतें तितकें फळ्यापासून दिसत नाहीं. म्हणूनच तें शिक्षकाला सांगणारा माणूस हवा असतो. आणि तें सांगतांना पहिल्यानें शिक्षकाला विचारावें कीं, तुम्हांला स्वतःला तास कसा वाटला? दहांतले आठ शिक्षक आपली उणीव आपणच बोलून दाखवितात. मग मुख्याध्यापकाला टीकाकार होण्याचें कारण उरत नाहीं.

पुण्यांत दुसरी एक सोय आहे, तिचा उपयोग फार थोडा होतो. सदाशिव, नारायण आणि शनिवार या तीन पेठांतच पायीं पायीं जाण्याच्या अंतरावर किती तरी शाळा आहेत. त्यांचे मुख्याध्यापक परस्परांना संघाच्या सभेंत भेटतात आणि तेथें मागण्यांचा ठराव करतात. तेंही जरूर आहे. पण एका शाळेच्या मुख्याध्यापकानें दुसऱ्या शाळेंत जाऊन एक सकाळ वर्ग पाहण्यांत घालविली, असें क्वचितच ऐकूं येतें. शाळाशाळांत निकालाची चुरस असते, हें त्याचें एक कारण. ज्ञान प्रबोधिनीचे संस्थापक विनायक विश्वनाथ उर्फ अप्पा पेंडसे यांनीं १९६२ सालीं आरंभ केला तो निरनिराळ्या शाळांतलीं मुलें शाळेबाहेर एकत्र आणून. स्वतःची प्रशाला काढली ती त्यानंतर सात वर्षांनीं, १९६९ मध्यें. त्यांचें ध्येय व त्यांची पद्धति सर्वांना लागू पडेल असें नाहीं. परंतु शाळेचें प्रमुखपण घेण्याआधीं सात वर्षें मुलांच्या शिकण्याचा प्रत्यक्ष अभ्यास करणें, ही उमेदवारी पाहण्यासारखी आहे. आपल्या नेहमींच्या शाळांतही उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक हीं पदें असतातच. पर्यवेक्षकाकडे वेळापत्रक आणि बदली तास सोंपवून त्याला भावी कारकून बनवावयाचें, कीं एका विषयाच्या शिक्षकांची बैठक त्याच्याकडे देऊन भावी मुख्याध्यापक बनवावयाचें, हें त्या शाळेच्या आजच्या मुख्याध्यापकाच्या हातीं असतें. पंचावन्नाव्या वर्षीं खुर्ची मिळाली तरी शिक्षण चाळिसाव्या वर्षीं सुरू होऊं शकतें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे: कागदांचें काय? वेतनदेयक कोणीं पाठवावें? लिपिकांचीं पदें रिकामीं असतील तर मुख्याध्यापकांनींच तें काम केलें पाहिजे, आणि त्याला कोणताही उपदेश पुरा पडत नाहीं. तें ओझें उतरविणें हें शासनाचें आणि संस्थाचालकांचें काम आहे. पण जोंवर तें उतरलेलें नाहीं तोंवर दिवसाचा एक तास तरी कुंपण घालून राखतां येतो. ज्या मुख्याध्यापकांनीं पांचवीचा किंवा सहावीचा एक विषय स्वतःकडे ठेवला आहे, आणि दहावीचा मानाचा वर्ग दुसऱ्याला दिला आहे, त्यांचा अनुभव असा कीं, शिक्षकांशीं त्यांचें बोलणेंच बदलतें. "तुमच्या वर्गाला अपूर्णांक येत नाहींत" या वाक्याऐवजीं "माझ्याही वर्गाला येत नाहींत; काय करूं या?" हें वाक्य तोंडीं येतें. असें बोलणाऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर शिक्षक येऊन बसूं शकतात. आणि वरिष्ठाच्या चुका कनिष्ठांनीं पाहिल्या कीं त्या शाळेंत चुकीची भीति बरीच ओसरते.

या बाबतींत सुशिक्षित घरांचा वांटाही लहान नाहीं. मुख्याध्यापकांना आपण भेटतों तें प्रवेशाच्या वेळीं, दाखल्याच्या वेळीं आणि निकालाच्या वेळीं. शिक्षक-पालक संघाच्या सभेंत प्रश्न निघतात ते गणवेशाचे, रिक्षांचे आणि टक्क्यांचे. ज्या वस्तूची मागणी होते तीच दुकानांत मांडली जाते. संस्थेच्या नियामक मंडळावर बसलेले गृहस्थ मुख्याध्यापकांना दर महिन्याला जमाखर्च विचारतात. या महिन्यांत आपण किती वर्ग पाहिले आणि त्यांत काय आढळलें, असें विचारणारा सभासद सांपडणें कठीण. एखाद्या पालकानें सभेंत उभें राहून, "आमच्या मुलांच्या चुका शाळेला काय शिकवितात?" असें विचारलें तर क्षणभर सभा गोंधळेल. परंतु पुढच्या सभेला मुख्याध्यापक कांहीं तरी तयारी करून येतील, आणि त्या तयारीसाठीं त्यांना उत्तरपत्रिकांचा एखादा गठ्ठा सोडावाच लागेल.

बाराच्या सुमारास ज्या खोलीच्या दाराशीं आपण उभे होतों, तेथें परत जावें. कागद तितकेच आहेत. तांदळाचा हिशेब, पडद्यावरची माहिती, बाकावरचे दोन पालक, सर्व तसेंच. घंटा होते. मुख्याध्यापक टोपण लावून लेखणी खिशांत ठेवतात, कपाटावरची खडूची पेटी उचलतात, आणि लिपिकाला सांगतात कीं, पंचेचाळीस मिनिटांनीं परत येतों. सहावी 'अ' चा तास आहे. लिपिक घड्याळाकडे पाहतो. पालकांपैकीं एकजण कुरकुरतो. दुसरा मात्र उठून जिन्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जातो आणि विचारतो, "सर, आज काय शिकविणार?"